जुनी कंपनी अनुभवपत्र देत नाही: कॅनडा पीआरच्या अर्जासाठी काय करता येते

रिलीव्हिंग लेटर आहे, पगाराच्या स्लिपा आहेत, फॉर्म १६ आहे. पण कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीला, म्हणजे गुणांवर कायम वास्तव्य (पीआर) देणाऱ्या योजनेला, हवे तसे अनुभवपत्र जुनी कंपनी देत नाही. मेलला उत्तर नाही, फोन रिसेप्शनच्या पुढे जात नाही. उत्तर आलेच तर एका ओळीचे: ‘धोरणानुसार आम्ही फक्त पद आणि तारखा देतो.’ हिंजवडीतल्या आयटीवाल्यांना, चाकणच्या कारखान्यातल्या इंजिनिअरला, खासगी रुग्णालयातल्या नर्सला ही अडचण सारखीच येते. बहुतेकांच्या ती लक्षात येते तेव्हा अर्ज करण्याचे निमंत्रण हातात पडून ६० दिवसांची मुदत सुरू झालेली असते.

आधी पत्रात नेमके काय हवे ते पाहू. कॅनडाचे इमिग्रेशन खाते मागते ते असे: कंपनीच्या लेटरहेडवर छापलेले पत्र, त्यावर कंपनीचा पत्ता, फोन आणि ईमेल, तुमचे नाव, थेट वरिष्ठाचे किंवा एचआर अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि सही, त्या कंपनीत तुम्ही सांभाळलेली सगळी पदे आणि प्रत्येकाच्या तारखा, कामाचे स्वरूप आणि जबाबदाऱ्या, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि इतर लाभ. आपल्याकडच्या नेहमीच्या अनुभवपत्रात यातले निम्मेच असते. ‘यांनी अमुक ते अमुक काळात सीनियर इंजिनिअर म्हणून काम केले, वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ तास नाहीत, पगार नाही, कामाचे वर्णन नाही. वर्तणुकीचा तिथे काही उपयोग नाही.

या एका पत्राने तीन वेगळ्या गोष्टी सिद्ध व्हायच्या असतात. पहिली, तुम्ही तिथे खरोखर नोकरीला होता आणि कधीपासून कधीपर्यंत. दुसरी, नोकरी पगारी होती आणि आठवड्याला किमान ३० तासांची होती. तिसरी, तुम्ही जे काम केल्याचे सांगता तेच काम केले. पहिल्या दोन गोष्टींना सरकारी नोंदी आणि बँकेचे कागद भक्कम आधार देतात, त्यासाठी जुन्या मालकाची मनधरणी लागत नाही. अडते ते तिसऱ्यापाशी, आणि ती गोष्ट एचआरपेक्षा तुमच्या त्या वेळच्या मॅनेजरला जास्त ठाऊक असते. म्हणून एकाच आदर्श पत्रामागे दोन महिने धावू नका. ती मागणी चालू ठेवून तीन पुरावे वेगवेगळे जमवायला लागा.

एचआर का बोलत नाही, आणि मेल कसा लिहावा

दुष्टावा क्वचितच असतो. माजी कर्मचाऱ्यांचे मेल ज्या पेटीत जातात तिथे कुणी बसलेले नसते, किंवा तुमच्या वेळचे एचआर कधीच सोडून गेलेले असतात. समोरच्याला ‘कॅनडासाठी पत्र’ म्हणजे काय ते कळत नाही आणि नसती जबाबदारी अंगावर येईल अशी भीती वाटते. सगळ्यात मोठे कारण म्हणजे तुमच्या मेलमुळे त्यांना काम लागते: जुनी फाइल काढा, जबाबदाऱ्या लिहा, कायदा विभागाला विचारा. ते काम तुम्हीच करून दिले तर उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते.

मेलच्या विषयातच कर्मचारी क्रमांक, नोकरीचा काळ आणि ‘स्वाक्षरीसाठी तयार मसुदा सोबत’ एवढे लिहा. आत चार-पाच ओळी पुरे: कोण आहात, कोणत्या विभागात होता, पत्र कशासाठी हवे, कोणत्या तारखेपर्यंत हवे. सोबत वर्ड फाइलमध्ये तयार मसुदा जोडा. नाव, पदे, तारखा, तास, शेवटचा पगार, कामे, सगळे भरलेले. त्यांनी लेटरहेडवर घेऊन सही करायची एवढेच उरले पाहिजे. रिलीव्हिंग लेटर आणि शेवटची पगार स्लिप जोडा, म्हणजे त्यांना जुनी फाइल शोधावी लागत नाही. ‘हे पत्र फक्त नोकरीतील वस्तुस्थिती सांगते, कंपनीवर कोणतीही आर्थिक किंवा कायदेशीर जबाबदारी येत नाही’ हे वाक्य जरूर घाला. भीती बरीचशी त्यानेच जाते.

एक शब्द कटाक्षाने टाळा. कॅनडाच्या व्यवसाय वर्गीकरणालाही एनओसी म्हणतात, आणि आपल्याकडे एनओसी म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र. ‘एनओसीप्रमाणे पत्र हवे’ असे लिहिले की एचआरला वाटते कंपनीची परवानगी मागतोय, आणि मेल कायदा विभागाकडे जाऊन तिथेच पडतो. वर्गीकरणाचा उल्लेख मेलमध्ये नको आणि मसुद्यातही नको.

पहिल्या मेलनंतर चार कामाच्या दिवसांनी त्याच साखळीत आठवण करा. दहाव्या दिवशी जुन्या मॅनेजरला मेलच्या प्रतीत (सीसी) घ्या, किंवा त्याला वेगळा फोन करून ‘एचआरला आतून एक शब्द टाका’ अशी विनंती करा. बाहेरच्या दहा मेलपेक्षा आतला एक फोन जास्त काम करतो. पंधराव्या दिवसापर्यंत काही झाले नाही तर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने लेखी विनंती पाठवा. हा पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीच्या मुख्य माहितीत मिळतो. पोस्टाची पावती आणि पोचल्याची नोंद जपून ठेवा. पत्र मिळो न मिळो, तुम्ही प्रामाणिक प्रयत्न केल्याचा तो पुरावा आहे आणि पुढे अर्जासोबतच्या स्पष्टीकरण पत्राला जोडायचा आहे.

वकिलाची नोटीस हा मार्ग आम्ही सहसा सुचवत नाही. कामाच्या तपशिलासह असे पत्र मिळवायला खासगी कंपनीविरुद्ध हाती सोपे कायदेशीर शस्त्र नाही, आणि नोटीस गेली की मदत करू पाहणारा मॅनेजरही गप्प बसतो.

‘फक्त पद आणि तारखा देऊ’

मोठ्या कंपन्यांकडून हेच उत्तर येते. ते नाकारू नका, आहे ते पत्र घ्या. फक्त दोन गोष्टींचा आग्रह धरा: नोकरी पूर्णवेळ होती हे शब्द आणि आठवड्याचे तास. एवढे बहुतेक ठिकाणी देतात, कारण ते नेमणूकपत्रात आधीच असते. चाळीस लिहिले की पंचेचाळीस, याने फरक पडत नाही. ३० च्या वरचे तास कॅनडा मोजतच नाही. पण आकडाच नसेल तर अधिकारी तो स्वतःहून गृहीत धरणार नाही.

कामाच्या स्वरूपासाठी थेट मॅनेजरचे वेगळे पत्र घ्या. तो अजून त्याच कंपनीत असेल आणि कंपनीच्या ईमेलवरून ते पाठवू शकत असेल तर तो मेल पीडीएफ करून सोबत ठेवा. लेटरहेड मिळत नसेल तर साध्या कागदावरचे पत्र प्रतिज्ञापत्राच्या रूपात करून घ्या, त्याबद्दल खाली.

‘संगणकावर तयार केलेले पत्र, सहीची गरज नाही’ अशी तळटीप असलेले पत्र आले तर परत पाठवून सही मागा. सही करणाऱ्याचे नाव आणि हुद्दा नसलेल्या पत्रावर हमखास शंका येते.

काहीच मिळत नाही तेव्हा

आता तीन पुराव्यांकडे. पहिल्या दोनांसाठी सगळ्यात वजनदार कागद म्हणजे फॉर्म २६एएस. आयकर पोर्टलवरून ट्रेसेस या करकपातीच्या संकेतस्थळावर जाऊन तो काढता येतो. त्यात कंपनीचे नाव, तिचा टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) आणि पगारावर केलेली करकपात तारखांसह दिसते. हा कागद तुम्हीही बनवलेला नाही आणि कंपनीच्या मर्जीचाही नाही, म्हणून त्याला किंमत आहे. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर त्याच वर्षात दोन टॅन दिसतात आणि बदल कधी झाला तेही कळते. कर कापला गेलाच नसेल, म्हणजे सुरुवातीच्या कमी पगाराच्या वर्षांत, तर बँक स्टेटमेंट लागेल. त्यात कंपनीकडून आलेल्या पगाराच्या ओळी पिवळ्या करा.

दुसरा कागद पीएफचा. सदस्य पोर्टलवर लॉगिन केल्यावर सर्व्हिस हिस्टरीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख येते. पासबुकात महिन्यागणिक भरणा दिसतो. इथे दोन खाचखळगे आहेत. कंपनी पीएफ १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच भरत असेल तर दर महिन्याला तुमच्या नावे १,८०० रुपयेच दिसतात, आणि पगार तर ७०,००० सांगितलेला असतो. भारतीय नियम माहीत नसलेल्या अधिकाऱ्याला ते विसंगत वाटू शकते, म्हणून स्पष्टीकरण पत्रात एका ओळीत कारण द्या. दुसरे, अनेक मोठ्या कंपन्यांचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टकडे असतो आणि पासबुक पोर्टलवर दिसत नाही. तिथे ट्रस्टचे वार्षिक विवरण, किंवा पैसे नव्या खात्यात वळवले असतील तर अनेक्शर के काढा. त्यातही तारखा असतात. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नसेल तर नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर ती तुम्हाला स्वतःला पोर्टलवर नोंदवता येते. ती रिलीव्हिंग लेटरशी जुळवूनच भरा.

याला जोड म्हणून नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रे, प्रत्येक वर्षाची पहिली-शेवटची पगार स्लिप, फॉर्म १६ आणि रिलीव्हिंग लेटर. पन्नास स्लिपा टाकून ढीग करू नका.

तिसऱ्या पुराव्यासाठी माणूस लागतो. पहिली पसंती थेट मॅनेजर, मग टीम लीड, मग बरोबरीने काम केलेला सहकारी. नातेवाईक नको, आडनाव वेगळे असले तरी नको. प्रतिज्ञापत्रात त्याने लिहायचे: तो त्या कंपनीत कोणत्या पदावर, कधीपासून कधीपर्यंत होता, तुमचे काम तो रोज कसा पाहत होता, तुमचे पद आणि काळ, आठवड्याचे तास, तुम्ही प्रत्यक्ष केलेली कामे, आणि त्याचा चालू फोन व ईमेल. तो भारतात असेल तर स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घ्या. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून प्रतिज्ञापत्राचे मुद्रांक शुल्क १०० वरून ५०० रुपये झाले आहे, जुन्या हिशोबाने शंभराचा बाँड घेऊ नका. परदेशात असेल तर तिथल्या नोटरीपुढे सही चालते. सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि तो स्वतः त्या कंपनीत होता याचा कागद हवाच. हा दुसरा कागद बहुतेकजण विसरतात, आणि मग ते प्रतिज्ञापत्र कुणा अनोळखी माणसाचे निवेदन होऊन बसते. दोन माणसांची दोन प्रतिज्ञापत्रे मिळाली तर उत्तम, फक्त दोन्हींत शब्द न् शब्द सारखा नको.

स्वतःचेच प्रतिज्ञापत्र दुबळे असते. स्वतःचा व्यवसाय म्हणून अनुभव दाखवत असाल तर स्वतः लिहिलेली कामांची यादी किंवा प्रतिज्ञापत्र पुरावा म्हणून धरतच नाहीत. तिथे ग्राहकांची पत्रे, पैसे मिळाल्याच्या नोंदी आणि व्यवसायाच्या मालकीचे कागद लागतात.

कंपनीच राहिली नाही तर

बंद पडली, विकली गेली की विलीन झाली, हे आधी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर तपासा. विलीन झालेल्या कंपनीच्या नोंदी नव्या कंपनीकडे मागायच्या असतात आणि ते फारसे अवघड नसते. पटणी कॉम्प्युटर्स आयगेटकडे गेली आणि आयगेट २०१५ मध्ये कॅपजेमिनीने घेतली. सत्यम २०१३ मध्ये टेक महिंद्रात विलीन झाली. सिंटेल २०१८ मध्ये अ‍ॅटॉसने घेतली. केपीआयटीचा आयटी सेवांचा व्यवसाय २०१९ मध्ये बिर्लासॉफ्टकडे गेला. एल अँड टी इन्फोटेक आणि माइंडट्री २०२२ मध्ये एकत्र झाल्या. पत्र नव्या नावाच्या लेटरहेडवर आले तर विलीनीकरणाची बातमी किंवा कंपनीची घोषणा सोबत जोडा. नाहीतर नेमणूकपत्रावर एक नाव आणि अनुभवपत्रावर दुसरे, असा गोंधळ दिसतो.

दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीचा कारभार लिक्विडेटर किंवा रिझोल्यूशन प्रोफेशनल पाहतो. त्याचे नाव आणि संपर्क दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावरच्या जाहीर सूचनांत मिळतो. तो कामाचे वर्णन देणार नाही, पण नोकरीच्या तारखांना दुजोरा देऊ शकतो. नोंदणीतून काढून टाकलेल्या कंपनीसाठी पोर्टलवरची स्थिती छापून घ्या, तोच ‘पत्र का नाही’ याचा पुरावा.

छोट्या फर्मचे प्रश्न वेगळे. मालकाचे जीमेलच कंपनीचे ईमेल असते, लँडलाइन बंद असते. पत्र मिळाले तरी त्यासोबत फर्मचा गुमास्ता परवाना किंवा जीएसटी प्रमाणपत्र जोडा, म्हणजे फर्म खरी असल्याचे दिसते. मालक हयात नसतील तर भागीदार, नाहीतर फर्मचे सीए यांच्याकडून नोकरीच्या काळाचे पत्र घ्या.

शिक्षक आणि सरकारी कर्मचाऱ्यांना एक जास्तीचा मार्ग आहे. सेवापुस्तकाच्या नोंदींच्या प्रती माहिती अधिकारात मागता येतात. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवसांची. साठातले तीस त्यातच जातात, म्हणून निमंत्रण यायच्या आधी अर्ज टाका. खासगी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी विद्यापीठाचे नियुक्ती-मान्यतेचे पत्र शोधावे. मराठीतल्या कागदाला इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र लागते; ते भाषांतर तुम्ही, तुमच्या घरच्यांनी किंवा एजंटने केलेले चालत नाही.

ती नोकरी गुणांत धरायलाच हवी का?

हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारावा, पण विचारतात पन्नासाव्या दिवशी. सीआरएस, म्हणजे निमंत्रणासाठी उमेदवारांची क्रमवारी लावणारे गुण, त्यात परदेशी अनुभवाचे गुण तीन वर्षांपर्यंतच वाढतात. इंग्रजी सीएलबी (कॅनडाची भाषापातळी) ९ किंवा वर असेल तर एक-दोन वर्षांना २५ आणि तीन किंवा अधिक वर्षांना ५० गुण. त्यापुढे आठ वर्षे असोत की दहा, सीआरएसला फरक नाही. एक्सप्रेस एंट्रीतल्या फेडरल स्किल्ड वर्कर गटाच्या पात्रतेच्या तक्त्यात, जिथे किमान ६७ गुण लागतात, मात्र एक वर्षाला ९, दोन-तीन वर्षांना ११, चार-पाच वर्षांना १३ आणि सहा किंवा अधिकला १५ गुण आहेत. दोन्ही हिशोब ती अडलेली नोकरी वगळून करा. बाकीच्या नोकऱ्यांत, गेल्या दहा वर्षांतली, तीन वर्षे भरत असतील, सलग एक वर्षाची अट पूर्ण होत असेल आणि ६७ ओलांडत असाल, तर त्या पत्रासाठी जीव आटवू नका. ती नोकरी गुण मागण्याच्या भागातून काढा, पण वैयक्तिक इतिहासात ती दाखवावीच लागते. लपवलेली नोकरी हा पत्र नसण्यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

वगळून गुण निमंत्रणांच्या त्या फेरीच्या सीमारेषेखाली जात असतील आणि पुरावेही कच्चे असतील, तर निमंत्रण नाकारून पुन्हा यादीत जाणे हाच शहाणपणा. प्रोफाइल बारा महिने चालते. मध्ये वाढदिवस येऊन वयाचे गुण कमी होत असतील तर तो हिशोबही त्याच दिवशी करा.

स्पष्टीकरण पत्र आणि फाइल

ऑनलाइन अर्जात अनुभवपत्राच्या जागी काही न चढवता अर्ज पाठवला तर तो अपूर्ण म्हणून परत येऊ शकतो आणि निमंत्रण वाया जाते. त्या जागेत एकच पीडीएफ चढवायची, सर्वात वर स्पष्टीकरण पत्र. ते एका पानाचे असावे: कोणते पत्र मिळाले नाही, कोणत्या तारखांना कसे मागितले, काय उत्तर आले, आणि आवश्यक असलेली प्रत्येक गोष्ट पुढच्या कोणत्या पानावर सिद्ध होते. ‘आठवड्याचे तास: नेमणूकपत्र, पान ६’ अशा ओळी लिहा. शोधाशोध करायला अधिकाऱ्याला वेळ नसतो. मागे प्रतिज्ञापत्रे, मग २६एएस आणि पीएफ, मग नेमणूक व पगाराचे कागद, शेवटी मेलची साखळी आणि स्पीड पोस्टाची पावती. मर्यादा ४ एमबीची असते; स्कॅन कृष्णधवल, साधारण १५० डीपीआयवर केले तर बसते, आणि शिक्के वाचता येतात ना ते पाहा.

कामांच्या यादीबद्दल थोडे. वर्गीकरणातली वाक्ये जशीच्या तशी उतरवली की पत्र बनावट वाटते, मग ते खरे का असेना. उलट ‘क्लायंट प्रोजेक्टवर काम केले’ एवढेच असेल तर मुख्य काम केले की नाही ते ठरवता येत नाही आणि अर्ज नाकारला जातो. आठ-दहा ओळी, स्वतःच्या शब्दांत, कोणती प्रणाली, कोणते यंत्र, कोणता वॉर्ड ते सांगणाऱ्या. आयटीत विशेषतः वर्गीकरणातल्या २१२३१ (सॉफ्टवेअर इंजिनिअर) आणि २१२३२ (सॉफ्टवेअर डेव्हलपर) या क्रमांकांत घोळ होतो: पहिल्यात आराखडा आणि मूल्यमापन जास्त, दुसऱ्यात कोड लिहिणे आणि तपासणे. पत्रात सगळे कोडिंगचे असेल तर पद ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ असले तरी दुसराच क्रमांक जुळतो.

नावाची तफावत आपल्याकडे फार. पत्रावर पहिले नाव आणि आडनाव, पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट, पीएफमध्ये लग्नापूर्वीचे. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत त्याच फाइलमध्ये घाला. थर्ड पार्टी पेरोलवर असाल तर पत्र पगार देणाऱ्या कंपनीचे हवे. ज्यांच्या ऑफिसात बसत होता त्या क्लायंटचे पत्र पूरक म्हणून चालते, मुख्य म्हणून नाही.

‘लेटर मॅनेज करून देतो’ म्हणणारा एजंट भेटेलच. खात्याकडून कंपनीत फोन किंवा मेल जाऊन पडताळणी होऊ शकते. खोटे कागद सापडले तर अर्ज तर जातोच, शिवाय पाच वर्षे कॅनडाची दारे बंद होतात, आणि अर्जात बरोबर असलेल्या जोडीदाराचाही अर्ज त्याच्यासोबत बुडतो. मॅनेजरच्या प्रतिज्ञापत्रावर उभा असलेला खरा अर्ज अशा चकचकीत पत्रापेक्षा कधीही बरा.

अर्ज गेल्यावरही जुन्या कंपनीला आठवण करत राहा. उशिरा का होईना पत्र आले तर ते खात्याच्या वेबफॉर्ममधून अर्ज क्रमांकासह पाठवता येते. त्यातल्या तारखा आणि पगार आधी दिलेल्या कागदांशी जुळतात का ते पाठवण्यापूर्वी तपासा, आणि जुळत नसतील तर दुरुस्त पत्र मागून मगच पाठवा.